जुन्या मारुती ८००चा दरवाजा अडतोय? लॅच बदलायच्या आधी हे करून बघा

आमच्याकडे ९८ सालची मारुती ८०० आहे, बाबांनी घेतलेली, आणि गेली दोन वर्षं तिचा ड्रायव्हर साइडचा दरवाजा म्हणजे घरातलं एक स्वतंत्र माणूस झालं होतं. मूड असेल तर लागायचा नाहीतर नाही. पावसाळ्यात तीन वेळा आपटायचा तेव्हा कुठे बसायचा, आणि उन्हाळ्यात बाहेरून हँडल ओढलं की नुसतंच मऊ मऊ लागायचं, दरवाजा जागचा हलायचा नाही. मग बाबा पलीकडच्या दरवाज्याने आत शिरायचे, गियरच्या दांड्यावरून पाय टाकत, वयाच्या ६८व्या वर्षी. आईचं एकच म्हणणं, "अरे आपट की जरा जोरात, तो ऐकतो तसंच."

नाही ऐकत. आपटून आपटून लॅच (दरवाजा बंद धरून ठेवणारी कडेची यंत्रणा) अजून बिघडतो, काचेची यंत्रणा ढिली होते आणि शेवटी पत्र्याला बिजागरीपाशी चीर जाते. गॅरेजला नेली तर एकाने बघितल्या बघितल्या सांगितलं, पूर्ण लॅच बदला, आणि दुसऱ्याने दरवाज्यात लाकडाचा ठोकळा घालून दरवाजा वर वाकवायला घेतला, तेव्हा मी हात धरला त्याचा. शेवटी स्वतःच बसलो एका रविवारी. खरं सांगतो, आत काहीही तुटलेलं नव्हतं. चिखल होता, वाळलेलं ग्रीस होतं आणि एक ५ रुपयांची प्लॅस्टिकची क्लिप निघालेली होती. म्हणून हे लिहितोय, कारण ८००चं उत्पादन २०१४ साली बंद झालं तरी गावोगावी या गाड्या अजून पळतायत आणि सगळ्यांचे दरवाजे याच वयात आलेत.

आधी आत काय असतं ते समजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे पण नंतर डोकं चालतं. दरवाजा उघडा आणि त्याच्या जाडीच्या कडेला बघा, जिथे दरवाजा गाडीला भिडतो तिथे. एक खाच दिसेल आणि त्या खाचेत एक लोखंडी आकडा, इंग्रजी सी सारखा. समोर गाडीच्या खांबावर एक कडी असते (काही गाड्यांत जाड पिन असते), तिला मेकॅनिक लोक स्ट्रायकर म्हणतात. दरवाजा लावला की कडी खाचेत शिरते, आकड्याला ढकलते, आकडा गोल फिरून कडीला मिठी मारतो. तो परत मागे फिरू नये म्हणून आत एक छोटी खिटी असते, स्प्रिंगवर बसलेली, ती आकड्याच्या दातात अडकते. दात दोन असतात. पहिला दात म्हणजे अर्धा लागलेला दरवाजा, तो खडखडतो पण उघडत नाही, आणि दुसरा दात म्हणजे पूर्ण बंद. म्हणूनच नीट दरवाजा लागताना टक-टक असे दोन आवाज अगदी जवळजवळ येतात. आता हँडल काय करतं, तर फक्त ती खिटी उचलतं. बस. बाहेरचं हँडल, आतलं हँडल, किल्ली, वरची लॉकची दांडी, सगळं वेगवेगळ्या लोखंडी सळ्यांनी त्या एका खिटीशी जोडलेलं असतं.

म्हणजे बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो. आकडा किंवा खिटी जाम, नाहीतर सळी किंवा हँडल सुटलेलं, नाहीतर दरवाजा आणि कडी एकमेकांसमोर येत नाहीत. यातलं तुमचं कुठलं ते दरवाजा उघडा ठेवूनच कळतं आणि बहुतेक लोक हीच पायरी गाळतात आणि डायरेक्ट तेल मारत सुटतात.

तर अशी परीक्षा करा. दरवाजा सताड उघडा. एक मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या, त्याची दांडी खाचेत आडवी घाला, जणू ती कडीच आहे, आणि आकड्याला आत ढकला. एक टक, अजून ढकला, दुसरं टक. आता आकडा बंद झाला. बाहेरचं हँडल ओढा, आकडा झटकन उघडला पाहिजे. परत बंद करा, या वेळी आतल्या हँडलने उघडा. परत बंद करा, किल्लीने आणि वरच्या दांडीने लॉक करून बघा. असं प्रत्येकी पाच-सहा वेळा. आणि एक गोष्ट, कितीही घाई असो, आकडा बंद असताना दरवाजा लावायचा नाही. मी फोन आला म्हणून उठलो, आईने उघडा दिसला म्हणून दरवाजा ढकलला, आणि बंद आकडा कडीवर असा आपटला की कडीवर अजून खाच आहे. आईला काय बोलणार, दरवाजा उघडा सोडला मीच.

आता निष्कर्ष. उघड्या दरवाज्यात आकडा छान टकटक करतोय, दोन्ही हँडलने सुटतोय, पण दरवाजा बंद करताना मात्र अडतो, तर लॅचला दोष देऊ नका, कडीची जागा किंवा बिजागऱ्या बघा. आकडा ढकलल्यावर आळशासारखा फिरतोय, अर्ध्यावर थांबतोय, किंवा ढकलल्यावर अडकतच नाही आणि परत बाहेर येतो, तर घाण आणि वाळलेलं ग्रीस. आतल्या हँडलने उघडतो पण बाहेरच्याने नाही (किंवा उलटं), तर लॅच ठीक आहे, त्या एका हँडलची सळी, क्लिप किंवा हँडलचाच प्लॅस्टिकचा तुकडा गेलाय. मागचा दरवाजा फक्त आतून उघडत नसेल तर कृपा करून आधी चाइल्ड लॉक बघा, दरवाज्याच्या कडेला लॅचजवळ बारीक खटका असतो. माझ्या मेहुण्याने याच कारणासाठी गाडी गॅरेजला नेली होती, नाव नाही सांगत, घरात वाद नको.

आमच्या गाडीला दोन्ही दुखणी होती, आकडा आळशी आणि बाहेरचं हँडल मऊ. घाण कुठून आली हे आम्हाला माहीत होतं. आम्ही चिपळूणचे. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा ही गाडी जरा उंचावर होती म्हणून वाचली, तरी पाणी दरवाज्याच्या निम्म्यापर्यंत आलंच. इंजिन, सीट, वायरिंग सगळं बघून घेतलं तेव्हा, दरवाज्यांच्या पोटात काय आहे ते कोणी बघितलं नाही. पुराचा गाळ इतका बारीक असतो की तो ग्रीसमध्ये मिसळून एक लगदा होतो आणि वाळला की पुट्टीसारखा घट्ट. पूर न आलेल्या गाडीत हेच काम धूळ करते, फक्त सावकाश.

साफ करायला घाबरू नका, बहुतेक वेळा लॅच न काढताही होतं. खाली जुने पेपर पसरा, दरवाज्याच्या रंगावर ओघळ येऊ नये म्हणून फडकं बांधा. पूर्वी सगळे रॉकेल वापरायचे, आता ते मिळत नाही सहजासहजी, तर डिझेल चालतं, नाहीतर चेन क्लीनरचा स्प्रे, बाइकवाल्यांकडे असतोच. पेट्रोल नको, ते आगीला आमंत्रण आणि बंद जागेत तर अजिबात नको. खाचेत भरपूर मारा, दहा मिनिटं थांबा, जुन्या टूथब्रशने घासा, स्क्रू ड्रायव्हरने आकडा उघड-बंद उघड-बंद करत राहा. काळा चहा बाहेर येईल. परत मारा. परत घासा. मला पाच वेळा करावं लागलं, पहिल्या दोन वेळा नुसता तपकिरी चिखल, तिसऱ्यांदा काळं ग्रीस, पाचव्यांदा कुठे धातू चमकला. आकडा बोटाने ढकलल्यावर टक-टक अडकू लागला आणि हँडल ओढल्यावर झटक्यात परत येऊ लागला की समजा साफ झालं. मग कोरडं होऊ द्या, सायकलच्या पंपाने हवा मारली तरी चालेल.

आता वंगण, आणि इथे लोक खूप चुका करतात. डब्ल्यूडी-४० हे स्प्रेचं तेल गंज सोडवायला आणि पाणी हटवायला छान, पण ते एकटं मारून सोडून दिलं तर असलेलं ग्रीससुद्धा धुऊन जातं आणि महिन्याभरात दरवाजा पहिल्यापेक्षा कोरडा. ते मारायचं असेल तर साफसफाईसाठी मारा, नंतर ग्रीस लावाच. ग्रीस म्हणजे पांढरं लिथियम ग्रीस, स्प्रेच्या डब्यात मिळतं, नळीने आतपर्यंत जातं. ते नसेल तर साधं ग्रीस बोटाच्या टोकावर घेऊन आकड्याच्या कडेला आणि कडीवर पातळ लावा, गोळा करून भरू नका, जास्त ग्रीस म्हणजे जास्त धूळ आणि कुर्त्यावर डाग. आतल्या बारीक सांध्यांना शिवणयंत्राचं तेल दोन दोन थेंब. आणि आमच्या कोकणातला लाडका उपाय, खोबरेल तेल, तो मात्र करू नका. डिसेंबरात सकाळी बाटलीत ते कसं गोठतं ते बघता ना, तेच लॅचमध्ये होतं आणि वर्षभरात ते चिकट होऊन धूळ धरतं ते वेगळंच. किल्लीच्या भोकात तेल, ग्रीस काहीच नको, तिथे ग्रॅफाइटची पावडर. मिळाली नाही तर मऊ पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दोन्ही बाजूंना गडद घासा आणि किल्ली आत-बाहेर करा, मस्त चालतं.

दरवाजा बंदच अडकला असेल, उघडतच नसेल, तर वरचं सगळं करणार कसं? तर घाईत हँडल जोरात ओढू नका, बाहेरचं हँडल तुटलं की खेळ संपला. बहुतेक वेळा आकडा कडीवर ताणून बसलेला असतो आणि त्या ताणामुळे खिटी सुटत नाही. तो ताण काढायचा. एका माणसाने बाहेरून कमरेने दरवाजा आत दाबायचा, हँडलजवळच, आणि त्याच वेळी दुसऱ्याने आत बसून आतलं हँडल ओढायचं. दाब, ओढ, सोड, परत दाब. लय धरली की सुटतो. नाही सुटला तर काच खाली करून फटीतून, नळी लावलेल्या स्प्रेने खांबाकडच्या बाजूला कडीवर मारा, अर्धा तास थांबा, परत प्रयत्न करा. हे करताना लॉकची दांडी दोनचार वेळा वर-खाली करा, बाजारातून नंतर बसवलेलं सेंट्रल लॉकिंग असेल तर त्याची मोटर पण कधी कधी दांडी अर्ध्यावर धरून ठेवते आणि आपण लॅचला शिव्या देत बसतो. तरी नाही सुटला तर दरवाजा बंद असतानाच आतलं पॅनल काढावं लागेल. सीट पूर्ण मागे सरकवून होतं, पण खालच्या क्लिपा काढताना हात वाकडे होतात आणि तोंडातून चांगले शब्द येत नाहीत.

पॅनल काढायचं म्हणजे काय ते सांगतो, हँडल मऊ लागत असेल तर हे करावंच लागतं. आधी काच पूर्ण वर चढवा, नाहीतर आत हात घालायला जागा नाही. हात टेकायची मूठ आहे तिचे स्क्रू काढा, आतल्या हँडलचा स्क्रू काढा. मग काच फिरवायचं हँडल. याला बाहेरून कुठेच स्क्रू दिसत नाही आणि इथेच लोक ते उचकटून तोडतात. त्याच्या मागे तारेची एक छोटी क्लिप असते. उपाय एकदम घरगुती, एक लांब चिंधी घ्या, सुती, धोतराची किनार असली तर फारच उत्तम, ती हँडल आणि पॅनलच्या फटीत घाला आणि बूट पॉलिश करतात तसं दोन्ही टोकं धरून डावीकडे-उजवीकडे ओढा, हँडलच्या दांड्याच्या दिशेने वर खेचत खेचत. चिंधी क्लिपमध्ये अडकते आणि क्लिप टुणकन उडते. उडते म्हणजे खरंच उडते. माझी पहिली क्लिप गेली ती गेलीच, अंगणातल्या अबोलीत शोधली, मिळाली नाही. दुसऱ्या वेळेला वरून टॉवेल टाकला मग कळलं असं करायचं असतं.

पॅनलच्या कडेने क्लिपा आहेत, चपटी काठी किंवा जुनं प्लॅस्टिकचं उलथनं घालून एकेक क्लिपच्या अगदी जवळ उचका, मधोमध ओढलं तर पुठ्ठा फाटतो, आणि जुन्या गाडीचा पुठ्ठा पाणी पिऊन पापडासारखा झालेला असतो. आत प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असेल. तो फाडून फेकू नका! दरवाज्यात काचेच्या फटीतून पावसाचं पाणी येतच असतं, तो कागद ते पाणी पुठ्ठ्याला लागू देत नाही. आमच्या गाडीचा कागद कोणीतरी केव्हाच फाडला होता, म्हणूनच पुठ्ठ्याची ती अवस्था. मी दुधाच्या घाऊक पिशवीचं जाड प्लॅस्टिक कापून नवा चिकटवला.

आणि मग टॉर्च मारली तर दरवाज्याच्या पोटात बरोबर निम्म्यावर चिखलाची रेघ. पट्टीने आखल्यासारखी सरळ. खाली तळाला दोन बोटं गाळ साचलेला, सुकून तडा गेलेला, आणि पाणी जायची खालची भोकं पूर्ण बुजलेली. म्हणजे तीन पावसाळे आमचा दरवाजा पाणी साठवून फिरत होता. तारेने ती भोकं मोकळी केली तेव्हा गढूळ पाण्याची बारीक धार आली, आणि हे फेब्रुवारीत हं. तुमच्याकडे पूर आलेला नसला तरी ही भोकं बघाच, दरवाज्याच्या अगदी खालच्या काठावर असतात, सुकलेली पानं आणि धूळ बसून बुजतात आणि मग पत्रा आतून सडतो.

हात घालायच्या आधी हातमोजे घाला किंवा मनगटाला जुना सॉक्स चढवा. आतला पत्रा कापलेला आणि धारदार असतो, मी 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणून तसाच हात घातला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आलो.

आता एकाने बाहेरचं हँडल ओढायचं, दुसऱ्याने टॉर्च मारून सळी बघायची. हँडल हलतं पण सळी हलत नाही, तर क्लिप सुटली. सळीच्या टोकाला काटकोनात वाकवलेला भाग असतो, तो प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये बसतो आणि क्लिप फिरवली की ती सळीला धरून ठेवते. पंचवीस वर्षं उन्हात राहून ते प्लॅस्टिक खारी बिस्किटासारखं तुटतं. नवीन क्लिपा सुट्या मिळतात स्पेअर पार्टवाल्याकडे, जुनी तुटकी सोबत न्या म्हणजे भोकाच्या मापाची मिळेल, आणि मागताना चार घ्या कारण एक आत पडणार. तात्पुरतं करायचं तर सळी भोकात घालून टोकाला बारीक तारेचे दोन वेढे द्या, पण ते तात्पुरतंच, तार सैल होऊन वाजायला लागते. सळी हलते पण खिटी पूर्ण उचलली जात नाही, तर हँडल आणि खिटीमध्ये ढिलाई वाढलीय. काही सळ्यांच्या टोकाला आटे असतात, प्लॅस्टिकची गोटी फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. दोन आटे फिरवा, बघा, परत दोन. जास्त ताणून ठेवू नका, हँडल सोडल्यावर थोडीशी मोकळीक राहिलीच पाहिजे, नाहीतर खिटी कायम अर्धी उचललेली राहील आणि दरवाजा चालत्या गाडीत सुटेल. हे गमतीत घेऊ नका.

एवढं करून आकडा सुधारला नाही तरच लॅच बाहेर काढा. दरवाज्याच्या कडेला आकड्याच्या आजूबाजूला चपट्या डोक्याचे स्क्रू आहेत, तेच लॅच धरतात. आणि इथे एक महत्त्वाची गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. घरातला नेहमीचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर असतो दोन नंबरचा. या स्क्रूंना तीन नंबरचं टोक लागतं. दोन नंबर बसतो, फिरतो असं वाटतं, आणि मग खरर्र करून फुलीची वाटी होते. त्यातून गाडी मूळची सुझुकीची, जपानी फुलीचा आकार आपल्या नेहमीच्या फिलिप्स फुलीपेक्षा किंचित वेगळा असतो, म्हणून जपानी मापाचं टोक मिळालं तर सोन्याहून पिवळं. आधी फुलीतला रंग आणि माती टाचणीने खरवडून काढा, स्प्रे मारा, स्क्रू ड्रायव्हर लावून मागून हातोडीने दोन-तीन ठोके द्या आणि पूर्ण वजन टाकून एकाच दमात फिरवा. इम्पॅक्ट ड्रायव्हर कोणाकडे असेल, हातोडीने ठोकला की स्वतःच फिरणारा, तर मागून आणा.

सळ्या सोडायच्या आधी मोबाइलने फोटो काढा, चार बाजूंनी. नंतर कुठली सळी कुठल्या भोकात याचा विचार करत संध्याकाळ जाते. लॅच काढला की स्टीलच्या पसरट भांड्यात (घरातलं जुनंच घ्या, मी चुकून आईचं चांगलं घेतलं) डिझेलमध्ये रात्रभर बुडवा. सकाळी ब्रश मारा आणि भिंगातून किंवा मोबाइलचा झूम करून आकड्याचे दात बघा. दात टोकदार असतील तर लॅच अजून दहा वर्षं चालेल. दाताची धार गोल झालीय, खिटी बसते पण अंगठ्याने जोर दिला की घसरते, किंवा स्प्रिंग तुटलीय, तर मात्र नवीनच घ्या, वेल्डिंग करून दात भरणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. हा दरवाजा तुमचं माणूस आत धरून ठेवतो.

घेताना डावा-उजवा वेगळा, पुढचा-मागचा वेगळा, आणि जुन्या-नव्या मॉडेलचाही वेगळा असू शकतो, म्हणून जुना हातात घेऊनच जा. नवीन मिळाला नाही तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, भंगार गाड्यांचा निघतो. तिथे दुकानातच स्क्रू ड्रायव्हर घालून टक-टक ऐकल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दुकानदार चिडला तर चिडू दे.

आता कडीचं. लॅच चांगला असून दरवाजा लागताना उचलला जातो किंवा आपटून खाली बसतो, तर कडी समोर येत नाही. किती आणि कुठे चुकतंय ते कळायला मी आईचं काजळ वापरलं. कडीवर बोटाने काजळ लावा, दरवाजा अगदी हळू, आकड्याला फक्त शिवेल इतका लावा, उघडा आणि खाचेत काळा डाग कुठे लागला ते बघा. मधोमध लागला तर झकास. खाचेच्या वरच्या ओठाला लागला तर दरवाजा खाली उतरलाय. मग कडी हलवायच्या आधी एक करा, दरवाजा अर्धा उघडा ठेवून त्याचं टोक दोन्ही हातांनी वर उचला. बिजागरीपाशी टकटक वाजलं, खेळ जाणवला, तर बिजागरीची पिन झिजलीय आणि कडी सरकवून तुम्ही फक्त दुखणं लपवणार. पिना आणि बुश बदलणं हे गॅरेजचं काम, दरवाजा धरायला दुसरा माणूस लागतो. खेळ नसेल तर कडीभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवा (परत यायचं झालं तर घर माहीत पाहिजे), स्क्रू फक्त सैल करा, पूर्ण काढू नका, दोन्ही एकदम काढणं तर नकोच, नाहीतर मागची नटाची पट्टी खांबाच्या आत पडायची भीती. रबरी हातोडीने हलके ठोकून एक-दोन मिलिमीटर सरकवा, घट्ट करा, परत काजळ. मला चार वेळा करावं लागलं. आत-बाहेर सरकवताना दरवाज्याचा पत्रा मागच्या दरवाज्याच्या पत्र्याशी एका रेषेत येतो का ते बोट फिरवून बघा, डोळ्यापेक्षा बोटाला जास्त कळतं. चौकटीभोवती नवीन रबर बीडिंग (रबराची पट्टी) बसवली असेल तर मात्र थांबा, ती दबायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर दरवाजा जडच लागणार, लगेच कडी बाहेरच्या बाजूला सरकवू नका, नंतर वारा शिट्टी मारेल.

सगळं बसवताना उलट क्रमाने जायचं, पण पॅनल लावायच्या आधी परत उघड्या दरवाज्यात स्क्रू ड्रायव्हरची परीक्षा, आतून, बाहेरून, किल्लीने. आणि पहिल्यांदा दरवाजा लावताना काच खाली ठेवा, काही अडकलंच तर हात आत घालता येतो. काचेच्या हँडलची क्लिप आधी हँडलमध्येच बसवा, मग हँडल दांड्यावर ठेवून तळहाताने एक थाप, आपोआप बसते. काच पूर्ण वर असताना पलीकडच्या दरवाज्याचं हँडल कुठल्या कोनात आहे ते बघून तसंच लावा. मी बघितलं नाही, त्यामुळे आमचं आता गुडघ्याला लागतं, परत चिंधी घेऊन बसायचा कंटाळा आलाय.

रिकामी गाडी चालवून एक चक्कर मारा, स्पीडब्रेकरवरून न्या, दरवाजा वाजतोय का ऐका. आठ दिवसांनी कडीचे स्क्रू परत एकदा आवळून बघा, ते हमखास थोडे बसतात. ग्रीस दर वर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी. आमच्या गाडीचं १५ वर्षांनंतरचं आरसी रिन्यूअल दर पाच वर्षांनी येतं, ते पुढचं येईल तेव्हाच बाकीचे तीन दरवाजेपण उघडणार आहे, त्यांच्याही पोटात ती रेघ असणारच.

आई अजून आपटतेच. परवा इतक्या जोरात आपटला की बाबा आतून म्हणाले, "अगं, तो आता ऐकतो."